उष्णता सोसणारे धातू आणि गणिताचे भाकीत

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व किंवा लग्नातील खर्च यांसारखा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांवर बोलणारे वक्ते आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. आम्ही धातूंवर बोलावयाचे ठरविले. तांब्यापितळेवर हातोडा चालवून ज्यांच्या पूर्वजांनी संसार केले, पुण्याच्या तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज ज्यांपैकी कित्येकांच्या कानांत अजून आहे, त्या मंडळींपुढे धातूंचा विषय काढण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरतेच झाले. तथापि जन्मभर मुलांस गणित व शास्त्र शिकविल्यामुळे अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याची खोड जडली आहे. तिचा उपद्रव आज आपण सोसावा, एवढीच विनंती.

विषय असा की, एखादा मिश्रधातू तयार करण्यापूर्वीच तो किती उष्णता, किती भाराखाली आणि किती वर्षे सोसील, हे गणकयंत्राकडून सांगवून घेता येते काय? आणि येत असल्यास त्या सांगण्यावर विश्वास किती ठेवावा? यासाठी जी पद्धत वापरतात तिला 'न्यूरल नेटवर्क' म्हणजे मज्जातंतूंच्या धर्तीवर रचलेले जाळे असे म्हणतात. वृत्तपत्रांतून हा शब्द रोज येतो आणि बहुधा त्याभोवती चमत्काराचे वलय असते. ते वलय दूर केल्याखेरीज त्यातील खरे काम दिसत नाही.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. तांब्यात कथील मिसळले की काय होते, हे आपल्या घरांत कोणी शिकविल्यावाचून ठाऊक असे. निव्वळ तांबे मऊ. शेकडा दहा भाग कथील घातले तर कठीण व टिकाऊ ब्राँझ मिळते. शेकडा बावीसच्या सुमारास नेले की घंटेचे कांसे होते. ते सुरेख वाजते, तापलेले असताना ठोकता येते, पण थंड झाल्यावर हातातून पडले तर तडकते. कथील तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढविले तर आरशासारखी झिलई घेणारा, परंतु काचेसारखा ठिसूळ पदार्थ हाती येतो. म्हणजे 'थोड्याने थोडे सुधारले, तर पुष्कळाने पुष्कळ सुधारेल' हा त्रैराशिकाचा नियम येथे चालत नाही. आणि हे केवळ दोन धातूंचे झाले!

आता विमानाच्या जेट एंजिनातील पाते घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांच्या एंजिनासाठी 'निमोनिक' नावाचे मिश्रधातू पुढे आले. विजेच्या शेगडीतील तार निकेल व क्रोमियमची असते. त्याच जोडीत थोडे टायटॅनियम व ॲल्युमिनियम घालून ते सिद्ध झाले होते. त्यांच्या वंशातील आजच्या धातूंत निकेलबरोबर क्रोमियम, कोबाल्ट, ॲल्युमिनियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, टँटॅलम, ऱ्हेनियम असे आठ-दहा घटक असतात. निकेलचे तीन अणू व ॲल्युमिनियमचा एक अशा प्रमाणाचे अतिसूक्ष्म घन या धातूच्या पोटात तयार होतात. त्यांचा गुण विलक्षण आहे: उष्णता वाढली की काही मर्यादेपर्यंत त्यांचे बळ कमी न होता वाढते. याच घनांच्या आधारावर पाते टिकून राहते. एंजिनात त्यावर आदळणारे वायू १५०० अंश सेल्सियसच्याही वर तापलेले असतात. म्हणजे धातू ज्या उष्णतेला वितळावा तिच्याहूनही अधिक. पात्याच्या आतील बारीक छिद्रांतून वारा खेळविला जातो आणि वरून मातीच्या भांड्यांच्या जातीचा लेप दिलेला असतो, म्हणून ते वितळत नाही. अशा स्थितीत ते मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेते आणि स्वतःच्या वेगाने ते बाहेर ओढले जाते, ती ओढ कित्येक टनांची असते.

अशा भाराखाली तापलेला धातू एकदम तुटत नाही. तो सरकतो. फार मंद गतीने, वर्षानुवर्षे, केसाकेसाने लांबत जातो आणि एके दिवशी फाटतो. इंग्रजीत यास 'क्रीप' म्हणतात; आम्ही 'सरकणे' असेच म्हणू. ही गोष्ट विमानापुरती नाही. चंद्रपूरच्या किंवा परळीच्या वीजकेंद्रात सुमारे ५४० अंशांची वाफ ज्या पोलादी नळ्यांतून वाहते, त्या नळ्याही रात्रंदिवस सरकत असतात. बॉयलरची नळी फुटून संच बंद पडल्याची बातमी आपण वाचतो, पंखा थांबला म्हणून हळहळतो व विसरून जातो. त्या केंद्रांत चाकरी केलेले आपले काही बांधव समोर बसले आहेत. नळी फुटते तेव्हा जवळ उभे असण्याचा अर्थ काय, हे त्यांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

वीजकेंद्राची नळी निदान एक लाख तास टिकावी अशी अपेक्षा असते. एक लाख तास म्हणजे सुमारे अकरा वर्षे पाच महिने. नवा धातू तितका टिकतो की नाही हे खात्रीने कळण्यास तितकीच वर्षे भट्टीत टांगून ठेवावे लागते. असे चिकाटीचे लोक जगात आहेत. जपानातील एका राष्ट्रीय संस्थेत १९६९ साली टांगलेला पोलादाचा एक तुकडा चाळीस वर्षांहून अधिक काळ तपासणीखाली होता. ज्याने तो टांगला त्याने निवृत्त व्हावे आणि दुसऱ्याने नोंदी पुढे चालवाव्यात, असे हे काम. पण प्रत्येक नव्या मिश्रणासाठी कोण इतका थांबणार? दहा घटक आणि प्रत्येकाची केवळ दहा प्रमाणे धरली तरी एक हजार कोटी मिश्रणे होतात.

यावर जुना तोडगा गणिताचा आहे व तो आम्हांस फार आवडतो. १९५२ साली अमेरिकेत लार्सन व मिलर या दोघांनी एक साधे सूत्र मांडले. तापमान सेल्सियसमध्ये घेऊन त्यात २७३ मिळवावेत. तुकडा फाटेपर्यंत जितके तास गेले त्यांचा लॉग घेऊन त्यात २० मिळवावेत. या दोहोंचा गुणाकार, भार तोच असेपर्यंत, त्या धातूपुरता ठरलेला असतो. उदाहरणार्थ, ६५० अंशांस एक तुकडा १,००० तासांनी फाटला. ६५० अधिक २७३ म्हणजे ९२३. हजाराचा लॉग ३, त्यात २० मिळविले की २३. गुणाकार २१,२२९. आता तोच धातू त्याच भाराखाली एक लाख तास टिकावयाचा असेल तर लाखाचा लॉग ५, अधिक २० म्हणजे २५. २१,२२९ भागिले २५, उत्तर ८४९. त्यातून २७३ वजा करता ५७६ अंश. तात्पर्य, उष्णता ७४ अंशांनी उतरविली की आयुष्य शंभरपट होते. सहा आठवड्यांच्या कसोटीवरून अकरा वर्षांचे भविष्य!

मात्र हे सूत्र एका धातूच्या कसोट्यांवरून त्याच धातूचे सांगते. ज्याचा तुकडा अद्याप ओतलाच नाही त्याच्याविषयी ते मुके असते. जाळ्याचे काम येथून सुरू होते.

जाळे म्हणजे मूलतः पुष्कळ बेरजा व गुणाकार. एका बाजूने त्यात आकडे घालावयाचे: निकेल इतके, क्रोमियम इतके, धातू किती अंशांस किती तास तापविला, कसोटीचे तापमान, भार. प्रत्येक आकड्यास एका वजनाने गुणावयाचे, बेरीज करावयाची, ती बेरीज एका वक्ररेषेतून गाळून घ्यावयाची व पुढील थरास द्यावयाची. शेवटी एक आकडा बाहेर पडतो, तो म्हणजे टिकण्याच्या तासांचा अंदाज. आरंभी वजने मनास येतील ती असतात, म्हणून अंदाजही वाटेल तो येतो. मग खऱ्या कसोटीचा आकडा दाखवावयाचा, चूक किती झाली ती काढावयाची आणि ती चूक उलट्या दिशेने मागे वाटीत प्रत्येक वजन किंचित बदलावयाचे. असे हजारो वेळा. या उलट वाटणीची पद्धत १९८६ साली रमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या निबंधामुळे सर्वत्र प्रसिद्ध झाली; त्यांपैकी हिंटन यांस २०२४ साली हॉपफिल्ड यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जाळ्यास निकेल म्हणजे काय ते ठाऊक नसते. उष्णता त्याने अनुभवलेली नसते. वक्ररेषा मध्ये असल्यामुळे कथिलासारखा प्रकार, म्हणजे आधी चढ व मग उतार, त्यास पकडता येतो. आणि एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो हेही पकडता येते. त्रैराशिकाहून ते वरचढ ठरते ते एवढ्यामुळे.

आता एक शिक्षक म्हणून आम्हांस जी भीती वाटते ती सांगतो. वर्गात एक जातीचा विद्यार्थी असतो. पुस्तकातील सोडविलेली सर्व उदाहरणे त्यास तोंडपाठ. तीच परीक्षेत आली तर शंभरपैकी शंभर. आकडा बदलला की शून्य. जाळ्यातील धागे वाढविले तर तेही असेच पाठांतर करू लागते आणि दाखविलेल्या प्रत्येक कसोटीचे उत्तर अचूक देते. यावर उपाय मास्तरांचाच आहे. हातातील नोंदींपैकी निम्म्या दाखवावयाच्या व निम्म्या झाकून ठेवावयाच्या. झाकलेल्यांवर परीक्षा घ्यावयाची. त्या वेळी केंब्रिज विद्यापीठात धातुशास्त्राचे अध्यापक असलेले हॅरी भदेशिया यांच्या गटाने १९९० नंतरच्या दशकात पोलाद व निकेल या दोहोंवर जाळ्यांचे काम केले आणि ही रीत पाळली. भदेशिया हे जन्माने केनियातील भारतीय कुटुंबातले. आपल्याकडील तरुणांनी हे नाव लक्षात ठेवावे.

परंतु परीक्षेनेही सर्व भागत नाही. आणि ज्यासाठी आम्ही आज उभे राहिलो तो भाग हाच. त्याच विद्यापीठातील डेव्हिड मॅकाय या पदार्थवैज्ञानिकाने असा विचार केला की, जाळ्याने उत्तराबरोबर आपल्या उत्तराची खात्रीही सांगितली पाहिजे. पंचांच्या पद्धतीने हे समजून घेता येईल. निरनिराळ्या रचनेची अनेक जाळी त्याच नोंदींवर शिकवून तयार केली व नव्या मिश्रणाविषयी प्रत्येकास विचारले. सर्वांनी जवळजवळ एकच आकडा सांगितला तर ते मिश्रण ओळखीच्या मुलखातले आहे असे समजावे. एकाने पाचशे तास सांगितले, दुसऱ्याने पाच हजार, तिसऱ्याने पन्नास हजार, तर त्या मुलखातून कोणी गेलेलेच नाही. सरासरी काढता येईल, पण तिची किंमत शून्य. मॅकाय यांचे गणित याहून सूक्ष्म आहे. पण त्याचा मथितार्थ असा की, जेथे नोंदी विरळ तेथे उत्तराभोवतीचा संशयाचा पट्टा आपोआप रुंद व्हावा. मॅकाय २०१६ साली, पन्नाशीही न गाठता निवर्तले.

केवळ एक आकडा सांगून गप्प बसणारे यंत्र आणि 'मला येथे नीट दिसत नाही' असे म्हणणारे यंत्र यांत आम्ही फार मोठे अंतर मानतो. पहिल्यावर एंजिनाचे पाते सोपवू नये.

हा पंडिती सूक्ष्मपणा आहे असे कोणास वाटेल, म्हणून घडलेली गोष्ट सांगतो. वीजकेंद्रांच्या नळ्यांसाठी शेकडा बाराच्या सुमारास क्रोमियम असलेली पोलादे तयार झाली. अल्पकाळच्या कसोट्यांत ती उत्तम ठरली आणि त्यावरून वाढविलेली रेषा लाख तासांनंतरचेही चित्र सुंदर दाखवीत होती. पण या पोलादांच्या पोटात, हजारो तास लोटल्यावर, एक निराळा पदार्थ हळूहळू वाढू लागतो. त्यास 'झेड फेज' म्हणतात. धातूस धरून ठेवणारे जे बारीक नायट्राइडचे कण असतात ते तो खाऊन टाकतो. थोड्या तासांच्या कसोटीस याचा पत्ताच नसतो, कारण तेवढ्यात तो जन्मासच आलेला नसतो. दीर्घ कसोट्यांचे आकडे हाती आले तेव्हा अंदाज फुगलेले होते असे आढळले आणि अशा पोलादांवर किती भार टाकावा याच्या मर्यादा खाली आणाव्या लागल्या. सूत्र असो वा जाळे, अल्पकाळच्या नोंदींवर शिकले असेल तर ते येथे फसणारच; कारण जे नोंदीत नाही ते त्यास कोठून कळणार?

आपल्या देशातील कारागिरीचीही अशीच एक कथा आहे. दक्षिणेत, विशेषतः तेलंगणाच्या भागात, मुशीत तयार होणारे 'वूट्झ' पोलाद जगात नावाजलेले होते. दमास्कसच्या तलवारींची कीर्ती या जातीच्या पोलादावर उभी होती. मायकेल फॅरेडे यांनीही १८१९ साली त्याचे पृथक्करण करून पाहिले. एकोणिसाव्या शतकात ही कला लयास गेली. का गेली याची कारणे अनेक सांगतात. परंतु १९९८ साली अमेरिकेतील व्हर्होव्हेन या धातुशास्त्रज्ञाने पेंड्रे नावाच्या एका लोहाराच्या साहाय्याने असे मत मांडले की, पात्यावरील लहरींचे रहस्य लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशात होते, आणि तो अंश विशिष्ट खाणींच्या मातीतूनच येत असे. खाण बदलली, अंश नाहीसा झाला. लोहार तोच, भट्टी तीच, हात तोच. पण लहरी उठेनात, आणि का उठत नाहीत हे कोणास सांगता येईना. त्या कारागिरांचे ज्ञान खोटे नव्हते. ते एका मुलखापुरते खरे होते आणि त्या मुलखाची वेस कोठे आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. शिकविलेल्या जाळ्याची स्थिती याहून फारशी निराळी नाही. (या लोहाराचे नाव शोधनिबंधावर शास्त्रज्ञाच्या नावाशेजारी छापलेले आहे, ही गोष्ट आम्ही आपल्या मंडळींस मुद्दाम सांगतो.)

मग ही पद्धत टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. २०१७ साली केंब्रिजच्याच कॉन्ड्युट प्रभृतींनी जाळ्याच्या साहाय्याने निकेलचा एक नवा मिश्रधातू रचला. एकाच वेळी अकरा अटी त्यांनी यंत्रापुढे ठेविल्या होत्या: किंमत, वजन, ओढ सोसण्याचे बळ, तापलेल्या हवेत न गंजणे, भाराखाली टिकाव इत्यादी. यंत्राने सर्वांत मोठा आकडा शोधला नाही. सर्व अटी पुऱ्या होण्याचा संभव जेथे सर्वाधिक, असे मिश्रण शोधले. नंतर तो धातू प्रत्यक्ष तयार करून तपासला, तेव्हा भाकिते खरी ठरली आणि बळात व गंजास तोंड देण्यात तो बाजारातील धातूंहून सरस निघाला. आम्हांस या हकिकतीतील 'नंतर तयार करून तपासला' हे शब्द सर्वांत मोलाचे वाटतात. यंत्राने हजार कोटींतून एक वाट दाखविली; भट्टी पेटवावीच लागली.

आपल्या देशातही हे क्षेत्र रिकामे नाही. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने, संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे असावे अशा अवघड पद्धतीने ओतलेली हेलिकॉप्टरच्या एंजिनाची साठ पाती २०२१ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सुपूर्द केली. ही विद्या थोड्याच देशांस साधली आहे.

व्याख्यानापूर्वी एका तरुण बांधवाने आम्हांस विचारले, की धातूंचे गुण यंत्रच सांगू लागल्यावर धातुशास्त्र शिकून उपयोग काय? त्यास आम्ही उलट विचारले, की झेड फेज कोणी शोधला? यंत्राने नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा धरून बसलेल्या माणसांनी. त्यांनी तो पाहिला, म्हणून आता त्याची नोंद यंत्रास देता येते. जाळे शिकते ते माणसांनी टांगलेल्या तुकड्यांवरून, आणि तुकडे टांगणारेच कमी झाले तर ते शिकणार कशावरून?

येथून आमचे बोलणे अगदी घरगुती होते. आपल्यापैकी काहींच्या ओतशाळा आहेत, काहींचे तापकामाचे लहान कारखाने आहेत. तेथे रोज कसोट्या होतात, पण त्यांस कोणी कसोटी म्हणत नाही. माल बिघडला की तो वितळवून टाकतात व कोणास कळू नये अशी खबरदारी घेतात. वस्तुतः बिघडलेल्या मालाची नोंद चांगल्या मालाच्या नोंदीइतकीच उपयोगी. किंबहुना अधिक, कारण शोधनिबंधांतूनही यशाच्याच कथा पुष्कळ असतात व जाळ्यास वाईट धातू कसा असतो हे फारसे पाहावयासच मिळत नाही. आपल्या वाडवडिलांना ताव बरोबर केव्हा आला हे रंगावरून कळे आणि मठारताना ठोका कोठे चुकला हे आवाजावरून. त्यांनी कागदावर काही ठेविले नाही, कारण कागदाची सवय नव्हती. आज सवय आहे. घटकांचे प्रमाण, तापमान, वेळ, निकाल आणि तारीख, एवढ्या पाच रकान्यांची वही प्रत्येक भट्टीपाशी असावी, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवितो. तिचा विचार कार्यकारिणीने करावा.

वेळ संपत आली आहे व भोजनाची पंगत थांबली आहे, तरी सभेतील विद्यार्थ्यांस एक उदाहरण घालून देतो. मास्तरांच्या व्याख्यानास आलात त्याचा हा दंड समजावा. एका धातूचा तुकडा ७०० अंशांस १,००० तासांनी फाटला. तोच धातू त्याच भाराखाली एक लाख तास टिकण्यास उष्णता किती ठेवावी? लार्सन-मिलरच्या रीतीने उत्तर ६२२ अंशांच्या जवळ यावे. ते आल्यावर २० च्या जागी २२ हा आकडा धरून तेच उदाहरण पुन्हा करावे, किती अंशांचा फरक पडतो तो पाहावा, आणि या दोन आकड्यांपैकी बरोबर कोणता हे कागदावर ठरत नसेल तर ते कोठे ठरेल, याचे उत्तर एका वाक्यात लिहून आणावे.